राजा भोज : ग्रंथ किती आणि कोणाचे?

धार आणि देवास ही नावे आपल्याला पवारांच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. धारचे पवार काय किंवा देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीचे पवार काय, आपले कूळ माळव्याच्या परमारांपर्यंत नेऊन भिडवीत. त्या परमारांतील सर्वांत कीर्तिमान पुरुष म्हणजे राजा भोज. गंगू तेल्याच्या म्हणीने तो घरोघर पोचला; मला मात्र कुतूहल आहे ते त्याच्या नावावरील ग्रंथांचे.

भोज हा सिंधुराजाचा पुत्र व वाक्पती मुंजाचा पुतण्या. मुंजाला चालुक्य तैलपाने बंदी करून मारले आणि माळवा व कर्नाटक यांचे वैर चिघळले. भोज इ. स. १०१० च्या सुमारास गादीवर आला. त्याच्या कोकणविजयाचा उल्लेख १०२० च्या ताम्रपटांत आहे. पुढे चालुक्य सोमेश्वराने धारानगरी लुटली. अखेरीस कलचुरी कर्ण आणि गुजरातचा भीम हे दोघे एक झाले आणि १०५५ च्या सुमारास भोजाची कारकीर्द संपली. अशा धामधुमीत जगलेल्या या राजाच्या नावावर परंपरा ८४ ग्रंथ मांडते! व्याकरण, अलंकार, योग, वैद्यक, ज्योतिष, वास्तुविद्या हे सारे एकाच हाताने लिहिले असेल काय?

बायबलातील स्तोत्रसंहितेपुढेही हाच पेच आहे. तेथेही कर्ता म्हणून राजाच, दावीद. पाच भागांतील १५० स्तोत्रांपैकी ७३ स्तोत्रांच्या माथ्यावर त्याचे नाव आहे; काहींवर आसाफाचे, काहींवर कोरहाच्या वंशजांचे. दुसऱ्या भागाअखेर दाविदाच्या प्रार्थना संपल्याची नोंद आहे, तरी पुढेही त्याच्या नावाची स्तोत्रे येतातच. १३७ वे स्तोत्र तर बाबेलच्या बंदिवासाचे, म्हणजे दाविदानंतर चार शतकांचे. शिवाय मथळ्यातील हिब्रू उपसर्गाचा अर्थ दाविदाने रचलेले, दाविदासाठी किंवा दाविदाविषयी असा कोणताही होऊ शकतो.

आपला 'चा' प्रत्यय तरी काय वेगळा? भोजाचा तलाव म्हणताना राजाने स्वतः कुदळ मारली असे कोणी समजत नाही. मग भोजाचा ग्रंथ म्हणताना लेखणी त्याचीच होती, हे गृहीत का धरावे?

म्हणून सगळेच नाकारावे, असेही नाही. 'सरस्वतीकंठाभरण' हा अलंकारग्रंथ आणि ३६ प्रकरणांचा 'शृंगारप्रकाश' यांत उदाहरणे पुष्कळ समान आहेत आणि रसाविषयीचा आगळा विचारही एकच आहे. येथे एकच बुद्धी दिसते. योगसूत्रांवरील 'राजमार्तंड' वृत्तीच्या आरंभी कर्ता व्याकरण, योग आणि वैद्यक या आपल्या तिन्ही कृतींचा निर्देश करतो. हा दुसरा गट. 'चंपूरामायणा'त युद्धकांड लक्ष्मणसूरीने जोडले, हे उघडच आहे. उलट बल्लाळाचा 'भोजप्रबंध' सोळाव्या शतकातला. त्याने कालिदासाला भोजाच्या दरबारात बसविले; पण कालिदासाचे नाव ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात, भोजापूर्वी पावणेचारशे वर्षे, कोरलेले आहे! माळव्याच्या दंतकथेचा निवाडा कर्नाटकातील एका दगडाने केला.

माझ्या मते अशा छाननीने भोज लहान होत नाही. संशयास्पद सारे वगळले, तरी उरतो तो पहिल्या प्रतीचा साहित्यशास्त्रज्ञ. आणि बाकीचे ग्रंथ? राजाच्या नावाने ते टिकले खरे. पण त्यांमागे धारेतील किती अनाम पंडितांची आयुष्ये खर्ची पडली असतील! राजाची स्तुती पुष्कळ झाली. त्या पंडितांचे श्रेय वेगळे काढून ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.