खाण उद्योगपती व क्रीडापोषक कै. वासुदेव महादेव साळगावकर

धनसंचय अनेकांना साधतो. परंतु त्या धनातून आपल्यामागे टिकणारी संस्था उभी करणे थोड्यांनाच साधते. गोव्यातील सुप्रसिद्ध खाण उद्योगपती कै. वासुदेव महादेव साळगावकर हे त्या थोड्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १९१६ सालचा. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांकडून लोहखनिजाला मोठी मागणी येऊ लागली. गोव्याच्या डोंगरांतून निघालेले खनिज बार्जमधून मांडवी व जुवारी नद्यांच्या मार्गे मुरगाव बंदरात जाई व तेथून परदेशी रवाना होई. याच व्यवसायात बंधूंच्या साथीने उभारलेल्या पेढीने वासुदेवरावांना अग्रगण्य उद्योगपतींच्या पंक्तीत नेऊन बसविले.

गोव्यात फुटबॉल हा घरोघरचा खेळ आहे. हे ओळखून १९५६ साली, म्हणजे गोवामुक्तीच्या पाच वर्षे आधी, त्यांनी साळगावकर फुटबॉल संघाची स्थापना केली. वास्को शहराचा हा संघ पुढे देशभर गाजला. खाण उद्योगांनी पोसलेल्या अशा संघांमुळे सामान्य घरातील अनेक गुणी खेळाडूंना पोटापाण्याची चिंता न करता खेळता आले. भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविणारे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर याच संघातून चमकले.

शिक्षणाकडेही त्यांचे तितकेच लक्ष होते. १९७३ साली स्थापन झालेले पणजीजवळील मिरामार येथील विधी महाविद्यालय त्यांचेच नाव धारण करते.

१९८४ साली त्यांचे निधन झाले. संघाचे सर्वोच्च यश त्यांना पाहता आले नाही. चारच वर्षांनी, १९८८ साली, साळगावकर संघाने फेडरेशन चषक जिंकला. हा मान मिळविणारा तो गोव्याचा पहिला संघ ठरला. १९९८-९९ च्या हंगामात राष्ट्रीय लीगचे विजेतेपदही गोव्यात प्रथम त्यानेच आणले. २०१०-११ साली आय-लीगही जिंकली. पुढे देशातील फुटबॉल स्पर्धांच्या नव्या रचनेशी मतभेद झाल्याने २०१६ साली संघाने आय-लीगमधून माघार घेतली.

कोणतेही वैभव चिरस्थायी नसते. तथापि संस्थापक गेल्यानंतरही त्याने लावलेले रोप वाढले व त्याची फळे इतरांना मिळाली, यातच त्याच्या जीवनाचे सार्थक असते. संस्थाजीवनात वावरणाऱ्या प्रत्येकाने मनी धरावा, असाच हा आदर्श आहे.