ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स



रोज थोडे तरी पवित्र शास्त्र वाचावे, त्यावर घरात बसून चिंतन करावे, असे आम्ही वेदीवरून वारंवार सांगत असतो. आपल्या बहुतेक घरांत मराठी बायबल आहे. पण ते उघडून वाचणारा असतो शाळेत जाणारा नातू, आणि ऐकायला बसलेली आजी असते माडिया बोलणारी. शब्द तिच्या कानावर पडतात, तिथून पुढे जात नाहीत. ती हात जोडते, क्रुसाची खूण करते आणि झोपायला जाते. या आजीचा विचार करताना आम्हाला चारशे वर्षांपूर्वी गोव्यात होऊन गेलेल्या एका धर्मगुरूंची आठवण येते. फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या आपल्यापैकी काहींनी ऐकल्या असतील. त्या ओव्या लिहिणारा माणूस जन्माने इंग्रज होता, हे अनेकांना ठाऊक नसते. त्या कशासाठी लिहिल्या गेल्या, हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक असते.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमध्ये, विल्टशायर परगण्यातील बुशटन या गावी झाला. वडील व्यापारी होते. तो काळ कॅथलिकांना कठीण होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात मिस्साबलिदानाला बंदी होती. लपूनछपून मिस्सा ऐकणाऱ्यांना दंड भरावा लागे, तुरुंगातही जावे लागे. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रद्धावंत सद्‌गृहस्थांच्या सहवासात तरुण स्टीफन्स यांना येशूसंघाची ओढ लागली. दोघांनी रोमला जाऊन संघात प्रवेश घ्यायचे ठरवले होते. पाउंड पकडले गेले, स्टीफन्स एकटेच निघाले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. पुढे त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकून बाहेर पडलेल्या माणसाला सोपे बोलायला पुन्हा वेगळे शिकावे लागते. स्टीफन्स यांना ते शिक्षण कोणी दिले, हे पुढे येईलच.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. साडेसहा महिन्यांचा प्रवास. वाटेत लोकांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत, अन्न घशाखाली उतरत नसे. गोव्याला पोहोचल्यावर त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. वारे, मासे, पक्षी, आजार यांविषयी त्यात बारकाईने लिहिले आहे. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. व्यापारासाठी आलेले इंग्रज त्यांच्यानंतरचे. १५८३ साली राल्फ फिच आणि त्यांचे सोबती गोव्यात कैद झाले, तेव्हा त्यांना सोडवण्यासाठी फादर स्टीफन्स यांनीच खटपट केली.

१५८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टी भागात झाली. मडगाव, राशोल ही तिथली गावे. त्यांचे पुढचे जवळजवळ सारे आयुष्य याच भागात गेले.

हा भाग शांत नव्हता. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली होती, आणि लोकांच्या मनात राग धुमसत होता. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा व येशूसंघाचे आणखी चार जण मारले गेले. त्यांच्यासोबत असलेले काही प्रापंचिक ख्रिस्ती लोकही ठार झाले. येशूसंघाच्या या पाचही जणांना पुढे १८९३ साली ख्रिस्तसभेने धन्यवादित घोषित केले. त्यांचे मृतदेह मिळवून त्यांचा दफनविधी करण्याचे काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून ठार केले, हेही इथे सांगायला हवे. एका बाजूचे रक्त सांगून दुसऱ्या बाजूचे गाळणे आपल्यासारख्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना शोभणार नाही. दोन बंदुकांच्या मध्ये सापडलेले गाव कसे असते, हे इथल्या जुन्या माणसांना कुणी समजावून सांगायला नको.

अशा वेळी एखादा परदेशी धर्मगुरू घाबरून किल्ल्याच्या आश्रयाला गेला असता, तर त्याला कोण दोष देणार? फादर स्टीफन्स गावातच राहिले आणि लोकांची भाषा शिकत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात एक नोंद आहे. इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यांना जाणवले होते. विद्वानांनी ही गोष्ट जगापुढे मांडली ती त्यानंतर दोनशे वर्षांनी. शेजाऱ्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला ती आधीच कळली होती.

आता ख्रिस्तपुराणाकडे येऊ. या ग्रंथाच्या आरंभीच त्याच्या जन्माची हकिकत आली आहे, आणि आम्हाला ती फार मोलाची वाटते. साष्टीत धर्मशिक्षण चालू असताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीगुरूंना विचारले, की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला तशीच पुराणे आम्हाला का देत नाही? तुमची धर्मशिकवण चांगली आहे, पण रात्री घरात बसून मन रमवावे असे आमच्याजवळ काही उरले नाही, असा त्या बोलण्याचा भाव.

या प्रश्नात तक्रार आहे आणि भूकही आहे. प्रश्नोत्तरे पाठ करून माणूस परीक्षेत पास होतो. पण दुःखाच्या रात्री त्याच्या ओठांवर प्रश्नोत्तरे येत नाहीत, आईने गायिलेले गाणे येते. सिद्धान्त बुद्धीला पटला तरी मन त्यात राहायला जाईल असे नाही. मनाला राहायला कथा लागते, लय लागते. त्या माणसाला हे कुठल्याही सेमिनरीशिवाय कळले होते. फादर स्टीफन्स यांचे खरे शिक्षण इथे झाले, असे आम्ही म्हणू.

उत्तर द्यायला त्यांना बरीच वर्षे लागली. ते भारतात आले १५७९ साली, ग्रंथ पूर्ण झाला १६१४ साली, आणि राशोल येथे छापला गेला १६१६ साली. म्हणजे साठी उलटलेल्या माणसाने हे पुस्तक पुरे केले. पस्तीस वर्षे मिस्सा, पापनिवेदन, आजाऱ्यांना भेटी, गावातली भांडणे, आणि या सगळ्यांतून उरलेल्या वेळात एकेक ओवी. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, आणि दुसऱ्याचे ५९. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र.

छंद घेतला तो ओवीचा, ज्ञानदेवांचा आणि एकनाथांचा. संत एकनाथ १५९९ साली वारले, म्हणजे फादर स्टीफन्स गोव्यात आल्यावर वीस वर्षांनी. संत तुकारामांचा जन्म १६०८चा मानतात. हे पुराण छापून आले तेव्हा ते लहान मूल होते. भाषा निवडली ती मराठी, पण जुन्या मराठीतले अवघड शब्द टाळून त्यात साष्टीच्या लोकांच्या तोंडचे सोपे कोकणी शब्द मिसळले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. जिथे शब्दाने अर्थ बदलेल अशी भीती वाटली, तिथे पोर्तुगीज शब्द तसाच ठेवला. आपण रोज म्हणतो तो क्रूस आणि मिस्सा हे शब्द पोर्तुगीज बोलणाऱ्या मिशनऱ्यांकडूनच मराठीत आले आहेत.

छपाई मात्र रोमन लिपीत झाली, कारण छापखान्यात देवनागरी खिळेच नव्हते. १६०८ साली फादर स्टीफन्स यांनी रोमला येशूसंघाच्या महाधिकाऱ्यांना पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. त्यांच्या हयातीत ते काही झाले नाही. १६१९ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहिलेली कोकणीतील धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ साली आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली छापले गेले. दोन्ही त्यांना स्वतःला पाहायला मिळाली नाहीत.

पुराण मात्र लोकांनी उचलले. रविवारी आणि सणाच्या दिवशी ते चर्चमध्ये वाचले जाई, उपवासकाळात घरी गायिले जाई. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापावे लागले. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही. मग ग्रंथ टिकला कसा? लोकांनी तो हाताने उतरवून घेतला म्हणून. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले, की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. हुकूम ख्रिस्ती राज्याचा होता, आणि तो फादर स्टीफन्स यांच्या जन्मभराच्या कामाच्या अगदी उलट होता. गोव्यातून दक्षिणेला मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या पोथ्या सोबत नेल्या आणि पिढ्यानपिढ्या म्हटल्या. तिथेच १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीत तो शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यातून प्रसिद्ध केला. ज्या खिळ्यांसाठी १६०८ साली पत्र गेले होते, त्यांतून पुराण छापून यायला साडेतीनशे वर्षे लागली.

आमच्या मते फादर स्टीफन्स यांच्या कामाची मर्यादाही पाहायला हवी. जुनी पुराणे लोकांच्या हातून काढून घेतली गेली होती, म्हणूनच नव्या पुराणाची गरज निर्माण झाली. ते काढून घेणे योग्य होते का, हा प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारलेला दिसत नाही. ते आपल्या काळाचे होते. पण रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाची त्यांना लाज वाटली, आणि त्याचे हात भरण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. देव आपल्यावर प्रेम करतो हे नुसते घोषित करून त्यांना चालले नाही. ज्या बोलीत आई मुलाला हाक मारते, त्या बोलीच्या जवळ त्यांना ते न्यावेसे वाटले. पेंटेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाला प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले, असे आपण दरवर्षी ऐकतो. तो चमत्कार एका दिवसात झाला. फादर स्टीफन्स यांना त्यासाठी पस्तीस वर्षे घासावे लागले.

आपल्याकडे काय आहे? १९६२ साली चांदा मिशन सुरू झाले तेव्हा केरळहून सीएमआय संस्थेचे धर्मगुरू आले. ते मल्याळम बोलणारे, त्यांनी मराठी शिकून घेतली. १९७७ साली चांदा धर्मप्रांत झाला. मराठी मिस्सा, मराठी गीते, मराठी प्रार्थना हे सारे आपल्याला मिळाले आणि त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. पण सूरजागडच्या पायथ्याच्या गावांत घरातली बोली माडिया आहे. खाणीमुळे आता रस्त्यावर हिंदी, तेलुगू आणि छत्तीसगढीही ऐकू येते. मुले शाळेत मराठी आणि फोनवर हिंदी ऐकतात. माडिया उरते ती म्हाताऱ्यांपाशी आणि रेला गाण्यात. जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला पहाडावर लोक जमतात, तेव्हा कोणालाही आपली भाषा शोधावी लागत नाही. आपल्या प्रार्थनेत त्याच आजीला परकी भाषा बोलावी लागते. साष्टीच्या त्या माणसासारखा प्रश्न तिने आम्हाला अजून विचारलेला नाही. विचारला तर तिला दाखवायला आमच्याजवळ काहीतरी असावे, असे वाटते.

म्हणून यंदाच्या उपवासकाळात एक प्रयत्न करायचे ठरवले आहे. ते दिवस मोहफुलांचे असतात. पहाटेपासून घरे रिकामी असतात, हे लक्षात घेऊन वेळ संध्याकाळची ठेवली आहे. दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर येत्या रविवारच्या शुभवर्तमानातील प्रसंग आम्ही सोप्या मराठीत सांगू आणि लगेच तोच प्रसंग कोणीतरी माडियात सांगेल. वाचून दाखवायचे नाही, आपण घरी गोष्ट सांगतो तसे सांगायचे. चाल लावता आली तर फारच चांगले. ज्या आजी-आजोबांना, मावश्यांना हे जमेल त्यांनी राखेच्या बुधवारपूर्वी कोणत्याही रविवारी मिस्सानंतर आम्हाला भेटावे. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. तरुणांपैकी ज्यांच्या फोनमध्ये आवाज नीट टिपला जातो त्यांनीही यावे, म्हणजे सांगितलेले हरवणार नाही.

आपले,
प्रमुख धर्मगुरू