बुद्धिमापनाच्या मर्यादा ओळखणारे आल्फ्रेड बिने

नवी दिल्ली, ८ जुलै : बुद्धिमापन चाचणीचे जनक, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. कायद्याची पदवी घेतल्यावर ते स्वाध्यायाने मानसशास्त्राकडे वळले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील त्यांचे संमोहनाचे प्रयोग सदोष ठरले, तेव्हा त्यांनी चूक जाहीरपणे मान्य केली. त्यानंतर ते निष्कर्षांबाबत अधिक सावध झाले. स्वतःच्या दोन मुलींच्या निरीक्षणातून प्रत्येक मुलाची विचारपद्धती निराळी असते, हे त्यांनी जाणले.

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी फ्रेंच सरकारने १९०४ मध्ये नेमलेल्या आयोगात बिने होते. १९०५ मध्ये तेओदोर सिमों यांच्यासह त्यांनी ३० कसोट्यांची श्रेणी सिद्ध केली. अशा मुलांना विशेष शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतः ठरलेली व अपरिवर्तनीय असते, हे मत त्यांनी १९०९ च्या ग्रंथात खोडून काढले.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी त्यांचे निधन झाले. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी बुद्ध्यंकाची कल्पना मांडली. अमेरिकेत हेन्री गॉडर्ड यांनी याच चाचणीच्या आधारे एलिस बेटावरील अनेक स्थलांतरितांना मंदबुद्धी ठरवले. भारतात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली. मूल आज कोठे आहे, एवढेच बिने यांना मोजायचे होते. ते कोठवर जाईल, हे त्यांनी शिक्षणावर सोडले होते.