कमल रणदिवे आणि डिफ्यूजन एमआरआय: गाठीच्या आत काय चाललंय?

८ नोव्हेंबर २०२१ ला गूगल उघडलं असेल, तर डूडलवर डॉ. कमल रणदिवे दिसल्या असतील. त्यांची ती १०४ वी जयंती. माझ्या मावशीच्या स्तनाच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘डिफ्यूजन’ शब्द आला, तो समजून घेता घेता मी कमलताईंपर्यंत पोचले.

कमलताई पुण्याच्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटायचं, पण तिने वनस्पती आणि प्राणी अभ्यासायला घेतले. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी केली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये काम केलं. शरीराबाहेर पेशी वाढवण्यात गे यांचा हातखंडा होता. परत येऊन कमलताईंनी मुंबईत भारतातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभारली. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी आणि हार्मोन्सशी काय संबंध, हे त्यांनी उंदरांवर तपासलं. १९८२ ला पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्या गेल्या.

त्या काळी पेशी बघायच्या तर तुकडा कापावाच लागायचा. डिफ्यूजन एमआरआय न कापता अंदाज देतो. कसा?

आपल्या शरीरात पाण्याचे रेणू सतत हलत असतात. घाटकोपर स्टेशनचा पूल आठवा. शेवटची लोकल गेल्यावर तिथे हवं तसं चाला. सकाळी नऊला मात्र पाऊल टाकायला जागा नसते. कॅन्सरच्या गाठीत पेशी अशाच खेटून असतात, म्हणून पाणी फारसं हलत नाही. मशीन ही हालचाल मोजतं आणि एडीसी नावाचा आकडा देतं. आकडा कमी, म्हणजे बहुधा गर्दी जास्त. या मोजणीसाठी शिरेतून औषध टोचावं लागत नाही.

पण घट्ट पू भरलेल्या गाठीतही एडीसी कमी येऊ शकतो. उलट, चिकट द्रव जास्त असलेल्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये तो चक्क जास्त येतो. म्हणून शंका आली की बायोप्सी करतात आणि शेवटचा निकाल मायक्रोस्कोपखालीच लागतो, कमलताईंच्या काळी लागायचा तसाच.

तेव्हा घरातल्या कुणाचा रिपोर्ट हातात आला, तर तो एक आकडा सर्च करून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा: बायोप्सी लागेल का, आणि कधी?