पंडित भातखंडे : लखनौला गाणे शिकवणारा मुंबईचा वकील

संपादक मंडळाने यंदा माझ्याकडून लेख मागितला तेव्हा मी चकितच झालो. मी डिप्लोमावाला रेल्वे इंजिनियर, डब्यांच्या देखभालीतला माणूस. पण लखनौत राहून ज्यांच्याबद्दल आपण मराठी माणसांनी दोन शब्द लिहायलाच हवेत, असे एक नाव माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होते.

१९३६ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली होती. त्या दिवशी मुंबईत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे निधन झाले. शेवटची तीन वर्षे अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळून होते. जन्म १० ऑगस्ट १८६० चा, वाळकेश्वरचा, आणि तोही गोकुळाष्टमीचा. गोकुळाष्टमीला आले आणि चतुर्थीला गेले.

कैसरबागेत रिक्षावाल्याला नुसते भातखंडे एवढे सांगितले तरी तो बरोबर गेटाशी नेऊन सोडतो. हे एका कोकणी माणसाचे आडनाव आहे, हे त्याच्या गावीही नसते. खरे सांगायचे तर बदलीवर इथे येईपर्यंत मलाही फारसे ठाऊक नव्हते. मी मिरजेचा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने जिथे अजून लोक कानाला हात लावतात, तिथला. आमच्या वडिलांचे मत पक्के होते की पुस्तकातून शिकलेले गाणे म्हणजे पोस्टाने पोहायला शिकणे. भातखंडे हे नाव घरात निघायचे ते याच संदर्भात. त्यामुळे माझ्या मुलीने इथे गाणे शिकायचे म्हटले तेव्हा मी आधी कुरकुरच केली.

भातखंडे काही गवयाच्या घरात जन्मले नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ ला बी.ए., १८८७ ला एल.एल.बी. आणि मग वकिली, थोडा काळ कराचीलाही. वल्लभदास दामुलजींकडे ते सतार शिकले. मुंबईत पारशी मंडळींनी काढलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचा प्रवेश झाला आणि तिथे धृपद व ख्यालाची तालीम मिळाली. ऐकता ऐकता वकिलाच्या डोक्यात प्रश्न उभे राहू लागले. एकच राग दोन खाँसाहेब दोन तऱ्हेने गातात, मग बरोबर कोण? ग्रंथात लिहिले आहे एक आणि बैठकीत गातात दुसरे, असे का? उत्तर मिळायचे ते एवढेच, की आमच्या घराण्यात असेच गातात.

१९०० साली पत्नी गेली आणि १९०३ साली एकुलती एक मुलगी. त्यानंतर त्यांनी वकिली हळूहळू बंद केली आणि गाणे हेच काम धरले. या दोन वाक्यांवर मी बराच वेळ थांबलो होतो. मुलीचा बाप म्हणून थांबलो.

पुढचा भाग रेल्वेवाल्याला आवडेल असा आहे. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले : मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयपुरम. १९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता, पुरी, हैदराबाद. १९०८-०९ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर. प्रत्येक गावी पोथ्या धुंडाळायच्या, पंडितांना आणि उस्तादांना भेटायचे, ऐकायचे, विचारायचे आणि रात्री वहीत टिपून ठेवायचे. तंजावरकडच्या व्यंकटमखींच्या चतुर्दण्डिप्रकाशिकेत ७२ मेळांची मांडणी आहे. ती अभ्यासून त्यांनी आपल्याकडच्या रागांसाठी बिलावल, कल्याण, खमाज अशी दहा थाटांची मांडणी केली. काही राग या दहांत नीट बसत नाहीत, अहीर भैरव घ्या किंवा मधुवंती. तज्ज्ञ त्यावर आजही वाद घालतात. मला विचाराल तर ड्रॉइंगमध्ये सगळे मावत नाही म्हणून कोणी ड्रॉइंग काढायचे सोडत नाही.

चीजा मिळवणे सर्वांत अवघड. चीज म्हणजे घराण्याची इस्टेट, मुलाला किंवा जावयाला द्यायची. जयपूरच्या मनरंग घराण्याच्या गवयांकडून त्यांनी शेकड्यांनी चीजा घेतल्या. रामपूरला नवाब हमीद अली खाँ यांचे ते रीतसर शागीर्द झाले, तेव्हा कुठे तानसेनाच्या परंपरेतल्या वझीर खाँसाहेबांचे भांडार उघडले. हे सारे त्यांनी साध्या खुणांच्या लिपीत उतरवले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत दीड हजारांहून जास्त चीजा आहेत. शेवटचे दोन भाग छापून आले ते त्यांच्या मृत्यूनंतर. शास्त्रावरचा मोठा ग्रंथ, हिंदुस्थानी संगीत पद्धति, त्यांनी मराठीत लिहिला, गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. इथली मुले त्याचे हाथरसला छापलेले हिंदी भाषांतर वाचतात.

लिहून भागणार नव्हते, लोकांसमोर बसून वाद मिटवायचे होते. म्हणून १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सकाळी भाषणे आणि चर्चा, रात्री गाणे, असा तो मामला. पुढे दिल्ली, बनारस आणि मग आपले लखनौ. उस्ताद आणि पंडित एका मंडपात बसून एखाद्या रागातल्या ऋषभावर बोलत आहेत, हे त्या काळी नवल होते. सगळे मिटले नाही. भातखंडे स्वतः मैफलीचे गवई नव्हते आणि शिकल्यासवरल्या माणसाचा तोरा त्यांच्या लिखाणात जागोजागी दिसतो. न शिकलेल्या खाँसाहेबांना शास्त्र येत नाही, हे ते जरा जास्तच ठासून सांगतात. हे मला खटकते, कारण ज्या कानांनी त्या चीजा जपल्या ते याच खाँसाहेबांचे होते.

दर्याबादचे राय उमानाथ बली आणि शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या प्रयत्नांनी १९२६ मध्ये लखनौला संगीताचे कॉलेज निघाले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून मॅरिस कॉलेज. अभ्यासक्रम भातखंड्यांचा. पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर प्राचार्य झाले आणि त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे इथेच घातली. फी भरा, वर्गात बसा, घराणे कोणते ते कोणी विचारणार नाही. संगीतकार रोशन आणि तलत महमूद इथे शिकले, श्रीलंकेचे अमरदेव इथेच आले. १९६६ पासून भातखंडे हे नाव लागले, २००० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ पासून ते राज्याचे संस्कृती विद्यापीठ झाले. जागा वाजिद अली शाहच्या परीखान्याची. नवाबाच्या पऱ्या जिथे नाच शिकत होत्या तिथे आता आमच्यासारख्यांच्या मुली वह्या घेऊन बसतात.

आमच्या शॉपमध्ये एक जुने फिटर होते. चाकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून तडा सांगायचे. मशीन नंतर तेच दाखवायचे. त्यांना मी दोनतीनदा म्हटले, की पोरांना समजेल असे काहीतरी लिहून काढू या. ते हसायचे, मीही कामात विसरायचो. निवृत्त होऊन ते गावी गेले. माझ्या डायरीत त्यांच्यासाठी आखलेले पान तसेच कोरे आहे.

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी आपल्या मंडपात माझी मुलगी यमन गाणार आहे, पुस्तकातलाच. मिरजेहून वडील येत आहेत. त्यांना पहिल्या रांगेत बसवावे, अशी कार्यकर्त्यांना विनंती.