गाईची कूस जाणणारा शास्त्रज्ञ

सर जॉन हॅमंड यांचा जन्म १८८९ मध्ये इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथे संशोधन करताना १९२७ मध्ये त्यांनी गाईच्या प्रजननावर मूलभूत ग्रंथ सिद्ध केला. चारा अपुरा पडला, तरी गाईचे शरीर गर्भाला झुकते माप देऊन स्वतःची चरबी खर्च करते, असे त्यांनी मांडले. म्हणूनच व्याल्यानंतर रोडावलेली गाय उशिरा माजावर येते. मांसासाठी पाळलेल्या गाईचे उत्पन्न म्हणजे वर्षाकाठी एक वासरू. भाकड राहिलेल्या गाईची रवानगी बहुधा कत्तलखान्यात होते. आज संप्रेरके देऊन माज आणता येतो. मात्र अशक्त गाईंमध्ये गर्भधारणेचे प्रमाण कमीच राहते. हॅमंड १९६४ मध्ये निवर्तले. इंजेक्शनाआधी गव्हाण पाहावी, हा त्यांच्या अभ्यासाचा बोध मात्र टिकून आहे.