पलटणीतले शब्दवेडे मोल्सवर्थ

आमच्या घरी मोल्सवर्थचा जाडजूड कोश होता. लहानपणी मला वाटे, हा कोणी पांढऱ्या दाढीचा पंडित असणार. निघाले चक्क पलटणीतले साहेब! १७९५ साली जन्मलेले जेम्स थॉमस मोल्सवर्थ कोवळ्या वयातच कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. देशी भाषेची परीक्षा दिली की अधिकाऱ्याला पलटणीत दुभाष्याचे काम मिळू शके. पुष्कळांची मराठी तिथेच थांबत असावी. यांची तिथून सुरू झाली. सोलापूरच्या छावणीत त्यांनी शब्द टिपायला घेतले. पुढे सरकारने काम अंगावर घेतले, हाताखाली शास्त्री दिले, कँडी बंधू सोबतीला आले आणि १८३१ साली सुमारे ४० हजार शब्दांचा कोश निघाला.

प्रकृती ढासळल्याने साहेब १८३६ साली विलायतेस परतले. कोणीही तिथेच विसावला असता. पण दुरुस्तीसाठी ते १८५१ साली पुन्हा आले! सुधारलेली आवृत्ती निघाली १८५७ साली, उत्तरेत बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षी. शब्द आता ६० हजारांच्या घरात गेले होते. त्यात पोथीतले शब्द आहेत, तसे शेतातले, माजघरातलेही आहेत. माझी आजी बोले ते कितीतरी शब्द आता घरात कोणी उच्चारत नाही. ते मला तिथे भेटतात.